अन्न आणि अभय : राष्ट्राच्या सुस्थितीचे माप

अल्लाहच्या नावाने, जो परम दयाळू व कृपावंत आहे.

पवित्र कुरआनमधील १०६ वी सूरह, सूरह कुरैश, अवघ्या चार आयतींची आहे. मकतबमध्ये मुलांकडून ज्या छोट्या सूरह प्रथम पाठ करून घेतल्या जातात, त्यांत ती असते. नमाजमध्ये ती आपण शेकडो वेळा ऐकलेली असते. या परिचयामुळेच तिच्या अर्थाकडे आपले लक्ष क्वचित जाते. मक्केचे कुरैश हे व्यापारी लोक होते. हिवाळ्यात त्यांचे काफिले यमनकडे जात, उन्हाळ्यात शामकडे. काबागृहाचे सेवक म्हणून अरबस्तानात त्यांना मान होता, आणि ज्या वाटांवर इतरांची लूट होई त्याच वाटांवरून त्यांचा माल सुखरूप पोहोचत असे. अशा संपन्न लोकांना आपल्या उपकारांची आठवण करून देताना अल्लाहने त्यांच्या उंटांची गणती केली नाही आणि नफ्याचाही हिशेब मांडला नाही. दोनच गोष्टींचा उल्लेख केला. त्याने त्यांना भुकेपासून वाचवून अन्न दिले आणि भयापासून वाचवून अभय दिले. म्हणून त्यांनी या गृहाच्या स्वामीचीच उपासना करावी.

एखादा समाज किंवा राष्ट्र सुस्थितीत आहे की नाही हे कशावरून ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर या चार आयतींत आहे. लोकांच्या पोटात अन्न आहे काय आणि त्यांच्या मनात अभय आहे काय, हे पाहावे. बाजारात किती माल आला व किती खपला हा प्रश्न त्यानंतरचा.

कुरआनमध्ये ही जोडी वारंवार येते. सूरह नहलच्या ११२ व्या आयतीत एका वस्तीचा दृष्टांत आहे. ती वस्ती निर्धास्त होती, चहूकडून तिला विपुल अन्न मिळत होते. तिने अल्लाहच्या देणग्यांबाबत कृतघ्नता केली, तेव्हा भूक आणि भय या दोन्हींनी तिला वस्त्रासारखे वेढून टाकले. उत्कर्षाची खूण जी, तीच उलटली की ऱ्हासाची खूण होते. सूरह बकराच्या १२६ व्या आयतीत हजरत इब्राहीम (अलै.) यांची प्रार्थना आहे. मक्केच्या उजाड खोऱ्यात उभे राहून त्यांनी आधी त्या नगरासाठी शांतता मागितली आणि नंतर तेथील रहिवाशांसाठी फळफळावळ. जेथे अभय नाही तेथे पिकलेले फळही घशाखाली उतरत नाही, हे ते जाणून होते.

याच आयतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती विशेष ध्यानात घ्यावी. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी उपजीविका मागितली ती अल्लाहवर आणि अंतिम दिनावर ईमान राखणाऱ्यांसाठी. अल्लाहने ती मर्यादा ठेवली नाही. जो नाकारील त्यालाही या जगातील अल्पकाळचा उपभोग मी देईन, असे त्याने स्पष्ट केले. श्रद्धेचा हिशेब अल्लाहपाशी आहे. पण भाकरीच्या हक्कात त्याने माणसामाणसांत भेद केलेला नाही. आपल्यासारख्या बहुधर्मीय देशात राहणाऱ्या मुसलमानाने राष्ट्राच्या कल्याणाचा विचार करताना हा पाया विसरू नये.

अन्नाबरोबर मूलभूत गरजा कोणत्या? सूरह ताहाच्या ११८ व ११९ व्या आयतींत हजरत आदम (अलै.) यांना जन्नतमधील जीवन कसे आहे ते सांगितले आहे. तेथे भूक नाही, उघडेपण नाही, तहान नाही आणि उन्हाचा तडाखा नाही. म्हणजेच अन्न, वस्त्र, पाणी आणि निवारा. तिरमिजीतील एका हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की, जो मनुष्य आपल्या ठिकाणी निर्भय, शरीराने निरोगी आणि त्या दिवसापुरते अन्न जवळ असलेला असा सकाळी उठतो, त्याला जणू सारे जगच मिळाले आहे. अभय, आरोग्य आणि अन्न. ज्या दिवशी देशातील प्रत्येक घर या तीन गोष्टींसह सकाळी जागे होईल, त्या दिवशी तो देश खऱ्या अर्थाने श्रीमंत होईल.

संपत्तीचे माप आणि गरजेचे माप

आज राष्ट्रांची प्रगती मुख्यत्वे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या आकड्याने मोजली जाते. वर्षभरात देशात तयार झालेल्या वस्तूंचे आणि पुरविलेल्या सेवांचे एकूण मूल्य म्हणजे हा आकडा. त्याचा उपयोग नाही असे कोणी म्हणणार नाही. कारखाने चालतात की बंद आहेत, रोजगार वाढण्याची शक्यता आहे की नाही, याचा अंदाज त्यावरून येतो. परंतु तो आकडा कोणाच्या ताटात काय पडले हे सांगत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत बसविणारे अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ साली तेथील संसदेला सादर केलेल्या अहवालातच बजावले होते की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीवरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान फारसे काढता येत नाही. माप तयार करणाऱ्यानेच त्याची मर्यादा सांगून ठेवली होती. ती विसरली गेली.

या मापाची रीत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आई आपल्या तान्ह्या बाळाला अंगावर पाजते, त्याची नोंद या हिशेबात कोठेच होत नाही. तेच बाळ डब्यातील भुकटीच्या दुधावर वाढले तर त्या डब्याची किंमत उत्पादनात जमा होते. यंत्रमागावर रात्रपाळी करून कामगाराची छाती पोखरली गेली, तर त्याने विणलेले कापडही जमा होते आणि त्याच्या औषधांचे बिलही जमा होते. गेलेले आरोग्य मात्र कोठेही वजा होत नाही. भिवंडी आणि मालेगावच्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

माणसाच्या गरजेवरून राष्ट्राची स्थिती मोजण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच मुंबईत झाला होता. दादाभाई नौरोजी यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपला निबंध १८७६ साली मुंबईत वाचला. माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये आहे, असा त्यांचा हिशेब होता. नुसत्या २० या आकड्यावरून तो थोडा की पुष्कळ हे कळत नाही. म्हणून त्यांनी त्याच्याशेजारी दुसरा हिशेब मांडला. सरकार तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च करते, हा तो हिशेब. प्रांतामागून प्रांत तपासले तेव्हा दिसले की, कैद्याला जिवंत ठेवण्यास जितका खर्च लागतो तितकेही सामान्य रयतेच्या वाट्याला येत नाही. साम्राज्याच्या वैभवाचे सारे दावे या एका तुलनेपुढे फिके पडले. पुढे १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तोही माणसाला रोज किमान २२५० उष्मांक देणारे अन्न परवडते काय या प्रश्नापासूनच सुरू झाला होता.

जागतिक पातळीवर हा विचार रुजविण्यात एका मुस्लिम अर्थतज्ज्ञाचा वाटा आहे. पाकिस्तानचे महबूब-उल-हक यांनी प्राध्यापक अमर्त्य सेन यांच्या सहकार्याने मानव विकास निर्देशांक घडविला आणि १९९० साली संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षण यांनाही त्यात स्थान मिळाले. आज आपल्या देशात नीती आयोग बहुआयामी दारिद्र्य मोजतो. पोषण, बालमृत्यू, मातेचे आरोग्य, शाळेतील वर्षे, शाळेतील उपस्थिती, स्वयंपाकाचे इंधन, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, वीज, घर, मालमत्ता आणि बँकखाते अशा १२ गोष्टी त्यात पाहिल्या जातात. आयोगाच्या २०२३ च्या अहवालानुसार २०१५-१६ साली देशातील २४.८५ टक्के लोक या अर्थाने दरिद्री होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण १४.९६ टक्क्यांवर आले. सुमारे साडेतेरा कोटी माणसे वर आली, ही आनंदाची गोष्ट आहे आणि तिचे श्रेय देण्यात मुसलमानाने कृपणता करू नये. त्याच वेळी दर सातांतील एक माणूस अजून खालीच आहे, हेही तोच अहवाल सांगतो.

आता ही यादी सूरह कुरैशसमोर ठेवून पाहावी. कुरआनने सांगितलेल्या दोन निकषांपैकी पहिला, भुकेचा, आधुनिक जग बऱ्यापैकी मोजू लागले आहे. दुसरा, भयाचा, या १२ गोष्टींत नाही. घरात गॅसची शेगडी आहे, वीज आहे, बँकेत खाते आहे. पण सावकाराच्या तगाद्याच्या धाकाने घरधन्याला झोप नाही, घरमालक कधी बाहेर काढील याचा नेम नाही, मुलगी शाळेतून परत येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नाही. अशा घराची गणना सुस्थितीत होईल. कुरआनच्या मापाने मात्र ते घर अजून अर्धेच भरलेले आहे.

शरीअतचे पाच आधार

आपल्या इमामांनी या विषयाचा शास्त्रोक्त विचार फार पूर्वी केला आहे. इमाम गज्जाली (रह., मृत्यू हि. ५०५) यांनी शरीअतचा हेतू पाच गोष्टींच्या रक्षणात सांगितला : धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि मालमत्ता. ज्यामुळे या पाचांचे रक्षण होते ते हित आणि ज्यामुळे त्यांची हानी होते ते अहित. पुढे आंदालुसचे इमाम शातिबी (रह., मृत्यू हि. ७९०) यांनी त्यांच्या तीन पायऱ्या विस्ताराने समजावून दिल्या. पहिली पायरी अनिवार्य गोष्टींची, ज्यांवाचून जीवनच कोलमडते. दुसरी सोयीची, ज्यांच्या अभावी जीवन कष्टप्रद होते. तिसरी शोभेची, ज्यांनी जीवन सुंदर होते. तिसरी पायरी निषिद्ध नाही. घर नीटनेटके असावे, मशीद देखणी असावी यात गैर काहीच नाही. पण क्रम पाळला पाहिजे. पहिल्या पायरीवर माणसे गुदमरत असताना तिसऱ्या पायरीवर खर्च करणे हा शरीअतचा क्रम उलटा करणे होय.

या पाच आधारांत नुसते पोट नाही. बुद्धीचे रक्षण आहे, म्हणजे शिक्षण आहे आणि नशेपासून मुक्ती आहे. वंशाचे रक्षण आहे, म्हणजे विवाह सुलभ होणे आहे आणि बालकाची सुरक्षितता आहे. धर्माचे रक्षण आहे, म्हणजे आपल्या श्रद्धेनुसार निर्भयपणे जगता येणे आहे. सूरह कुरैशचा शेवटही उपासनेच्या आदेशाशी जोडलेला आहे. पोटभर अन्न आणि अभय माणसाला कशासाठी हवे? त्याने मान वर करून आपल्या निर्मात्याला ओळखावे यासाठी. गोठ्यात सुरक्षित बांधलेल्या आणि वैरण मिळालेल्या जनावराहून माणसाचे कल्याण वेगळे आहे ते येथे.

एका बालकाचे रडणे

माप चुकले की काय होते, हे हजरत उमर (रजि.) यांच्या जीवनातील एका प्रसंगावरून समजते. इब्ने साद यांनी तो नोंदविला आहे. मदीनेबाहेर व्यापाऱ्यांचा एक काफिला उतरला होता. खलीफा स्वतः हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना सोबत घेऊन रात्री पहाऱ्याला गेले. एका बालकाच्या रडण्याचा आवाज आला. उमर (रजि.) यांनी जाऊन त्याच्या आईला बाळाची काळजी घेण्यास सांगितले व परतले. पुन्हा आवाज आला, पुन्हा गेले. पहाटेपूर्वी तिसऱ्यांदा गेले आणि मूल रात्रभर का रडते आहे असे त्यांनी रागाने विचारले. समोर कोण उभे आहे हे त्या माउलीला ठाऊक नव्हते. तिने सांगितले की, मी त्याचे दूध तोडते आहे. कारण दूध सुटलेल्या मुलांनाच उमर वेतन देतात. मुलाचे वय विचारले तर ते अवघ्या काही महिन्यांचे निघाले.

त्या दिवशीच्या फजरच्या नमाजमध्ये रडण्यामुळे खलीफांचे कुरआनपठण लोकांना नीट ऐकू येईना. सलाम फेरल्यावर ते म्हणाले की, उमरचा धिक्कार असो, त्याने मुसलमानांची किती बालके मारली असतील! त्यानंतर त्यांनी दवंडी पिटविली की मुलांचे दूध तोडण्याची घाई करू नका, जन्मलेल्या प्रत्येक बालकाला वेतन मिळेल; आणि तसा आदेश सर्व प्रांतांना धाडला.

या प्रसंगात शासक निर्दय नव्हता, खजिना रिता नव्हता, योजनाही होती. चूक निकषात होती. दूध सुटणे हा पात्रतेचा निकष ठरविला, तेव्हा लोकांनी आपले वागणे त्या निकषाप्रमाणे वळविले आणि त्याची किंमत तान्ह्या मुलांनी मोजली. निकष कोणाला त्रास देतो आहे हे कचेरीत बसून कळले नसते. अंधारात चालत जाऊन ऐकले तेव्हा कळले. आणि कळल्यावर त्या महान खलीफांनी आकड्यांचा आधार घेऊन स्वतःचा बचाव केला नाही. त्या सकाळीच निकष बदलला.

याच खलीफांनी एका दारावर भीक मागणारा वृद्ध, अंध यहुदी पाहिला तेव्हा त्याला हात धरून घरी नेले, काही दिले आणि बैतुलमालच्या अधिकाऱ्याला कळविले की, याच्याकडे व याच्यासारख्यांकडे लक्ष द्यावे. याच्या तारुण्यात याच्याकडून कर घ्यायचा आणि म्हातारपणी याला टाकून द्यायचे हा न्याय नव्हे. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी किताबुल खराजमध्ये ही हकीकत दिली आहे. येथे खलीफांनी एका माणसाला भिक्षा घालून विषय संपविला नाही. त्याच्यासारख्या सर्वांची व्यवस्था लावली.

हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांची खिलाफत हि. ९९ ते १०१, म्हणजे इ.स. ७१७ ते ७२० एवढीच होती. अबू उबैद यांनी किताबुल अमवालमध्ये त्यांचा एक पत्रव्यवहार नोंदविला आहे. त्यांनी इराकमधील आपले अधिकारी अब्दुल हमीद बिन अब्दुर्रहमान यांना लोकांची वेतने चुकती करण्यास लिहिले. अधिकाऱ्यांनी उत्तर दिले की वेतने दिली, तरी पैसा शिल्लक आहे. खलीफांनी लिहिले की, उधळपट्टी किंवा मूर्खपणा न करता जे कर्जात बुडाले आहेत त्यांचे कर्ज फेडा. उत्तर आले, फेडले, तरी शिल्लक आहे. मग लिहिले की, ज्या अविवाहितांपाशी पैसा नाही आणि ज्यांना विवाहाची इच्छा आहे त्यांचे विवाह लावा, महर तुम्ही द्या. तेही झाले, तरी शिल्लक उरली. तेव्हा लिहिले की, जिझिया भरणाऱ्यांपैकी जे शेतकरी जमीन कसण्यास असमर्थ झाले आहेत त्यांना कर्ज देऊन उभे करा. आपल्याला ते एक-दोन वर्षांसाठी नकोत. खजिना भरला म्हणून राजवाडा वाढविण्याचा विचार या पत्रांत कोठेही नाही. एक गरज भागली की पुढची गरज शोधली जाते, आणि शेवटी ती शोधणारी नजर मुस्लिमेतर शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाते. याला राष्ट्राच्या कल्याणाचे मोजमाप म्हणतात.

जे मागत नाहीत

मोजणाराला येथे एक मोठी अडचण येते. गरज नेहमी दिसत नाही. सूरह बकराच्या २७३ व्या आयतीत अशा गरजवंतांचे वर्णन आहे ज्यांना अजाण मनुष्य त्यांच्या संयमामुळे सधन समजतो. ते लोकांच्या मागे लागून मागत नाहीत. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसमध्ये प्रेषित (स.) यांनी मिस्कीन कोणाला म्हणावे ते सांगितले. घासा-दोन घासांसाठी दारोदार फिरणारा खरा मिस्कीन नव्हे. ज्याच्याजवळ गरज भागेल इतके नाही, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही म्हणून कोणी दानही देत नाही आणि जो स्वतः उठून मागत नाही, तो खरा मिस्कीन.

दारात येणाऱ्या हातांवरून आपण गरिबी मोजू लागलो तर खरा गरीब नेहमीच मोजणीतून निसटेल. रमजानमध्ये मशिदीबाहेर रांग लागते, त्या रांगेत तो नसतो. कपड्यांना इस्त्री केलेली असते, मुलांना त्याने शिकवून ठेवलेले असते की शेजाऱ्यांकडे काही मागायचे नाही. शिवणकाम करून तीन मुले वाढविणारी विधवा, नोकरी सुटल्याचे घरी न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडणारा बाप, औषधाच्या गोळ्या एक दिवसाआड घेणारी वृद्ध आजी : यांना शोधावे लागते. हजरत उमर (रजि.) रात्री फिरत ते याचसाठी.

आपल्या मोहल्ल्याचा हिशेब

वाचक बंधु-भगिनींनो, राष्ट्राचे मोजमाप हे शासनाचे काम आहे, आपण त्यात काय करणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. शासनाकडे मागणी करणे हे आपले नागरिक म्हणून कर्तव्य आहेच. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ साली दिलेला अहवाल त्या दृष्टीने महत्त्वाचा होता. त्यापूर्वी मुसलमानांविषयीची चर्चा बहुधा भावनेवर चाले. समितीने शाळा, रोजगार, कर्जपुरवठा, रस्ते आणि पाणी यांची मोजणी केली. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता ६५.१ टक्के असता मुसलमानांची ५९.१ टक्के होती, हे सर्वांसमोर आले. मुसलमानांची मुले मदरशांतच जातात हा समजही तेथे गळून पडला. असे प्रमाण केवळ ३ ते ४ टक्क्यांचे निघाले. म्हणजे आपल्या बहुसंख्य मुलांची बुद्धी कोणत्या शाळेत घडते, आणि घडते की नाही, याची चिंता वाहणे आपणा सर्वांचे काम ठरले. नीट मोजले की गैरसमज आणि सबबी दोन्ही दूर होतात.

परंतु शासनाला विचारण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. आपल्या मशिदीच्या वार्षिक हिशेबात कोणत्या गोष्टी वाचून दाखविल्या जातात? रंगकाम, गालिचे, पंखे, विजेचे बिल, जलशाचा खर्च. हा हिशेब चोख असतो, आणि तो चोख ठेवणाऱ्या विश्वस्तांना अल्लाह चांगला मोबदला देवो. त्या हिशेबात एक पान वाढविता येईल काय? आपल्या मोहल्ल्यातील किती घरांत महिनाअखेरीस चूल थंडावते, किती मुलांनी यंदा शाळा सोडली, किती घरे व्याजाच्या कर्जात आहेत, किती रुग्णांचे उपचार पैशांअभावी अडले आहेत. हे पान वर्षातून एकदा लिहिले गेले आणि पुढील वर्षी त्यातील आकडे कमी झाले, तर ती जमात प्रगतिपथावर आहे असे निःशंकपणे म्हणता येईल.

हे काम अवघड नाही. प्रत्येक गल्लीसाठी विश्वासू असे दोन पुरुष व दोन स्त्रिया नेमाव्यात. स्त्रियांची आवश्यकता विशेष आहे, कारण घरातील भयाची गोष्ट स्त्री दुसऱ्या स्त्रीलाच सांगते. नवरा मारतो, व्यसनात पगार उडवितो, सुनेला माहेरी जाऊ देत नाहीत : हेही भयच आहे आणि सूरह कुरैशमधील अभयाचा अर्थ घराच्या उंबऱ्याबाहेर संपत नाही. मिळालेली माहिती अमानत समजून गुप्त ठेवावी. नावे जाहीर वाचू नयेत. मदत देताना छायाचित्र तर मुळीच काढू नये. उपकार बोलून दाखविल्याने आणि घेणाऱ्याला दुखविल्याने दान व्यर्थ जाते, असे सूरह बकराच्या २६४ व्या आयतीत स्पष्ट बजावले आहे. एका हाताने शिधा आणि दुसऱ्या हाताने मोबाईल पुढे करणाऱ्याने ही आयत पुन्हा वाचावी.

जकात देतानाही मोजण्याची रीत बदलावी लागेल. किती हातांना दिले हे आपण मोजतो. किती हात पुढील वर्षी घेण्यासाठी पुढे आले नाहीत हे मोजले पाहिजे. हजरत उमर (रजि.) यांचा उपदेश होता की, द्याल तेव्हा गरजवंताची गरज फिटेल असे द्या. शाफई पंथाचे थोर इमाम नववी (रह., मृत्यू हि. ६७६) यांनी लिहिले आहे की, कारागिराला त्याच्या अवजारांची किंमत द्यावी आणि व्यापाऱ्याला त्याच्या धंद्याचे भांडवल द्यावे, म्हणजे तो कायमचा उभा राहील. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे याच पंथाची आहेत. शंभर घरांत थोडी थोडी रक्कम वाटून ती आठ दिवसांत संपण्यापेक्षा पाच घरांत शिलाई यंत्र, हातगाडी किंवा सुतारकामाची अवजारे गेली, तर पुढील रमजानपर्यंत ती घरे देणाऱ्यांत येऊ शकतील. मात्र ज्या घरी आज चूल पेटलेली नाही तेथे आधी आजचेच अन्न पोहोचले पाहिजे. जकातीच्या बारीक नियमांविषयी आपल्या मुफ्तींचा सल्ला घ्यावा.

ही पाहणी करताना शेजारचे मुस्लिमेतर घर वगळू नये. नफ्ली सदका त्याच्यापर्यंत जाऊ शकतो, आणि जो स्वतः पोटभर जेवतो व ज्याचा शेजारी भुकेला असतो तो ईमानवंत नव्हे या हदीसमध्ये शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. अभयाच्या बाबतीतही तसेच. ज्याच्यापासून लोकांना आपल्या प्राणांची व मालमत्तेची भीती वाटत नाही तो मोमिन, अशी व्याख्या प्रेषित (स.) यांनी केली. हदीसमधील शब्द लोकांविषयी आहे. आम्हांला या देशात निर्भयपणे जगता यावे ही आपली मागणी न्याय्य आहे. आपल्या वस्तीतून रात्री जाणाऱ्या परक्या माणसालाही, परक्या स्त्रीलाही तितकेच निर्भय वाटते काय, हे पाहणे आपल्या हातात आहे.

शेवटी सहीह मुस्लिममधील एक हदीस स्मरणात ठेवावी. कयामतच्या दिवशी अल्लाह आदमच्या पुत्राला विचारील की, मी आजारी होतो, तू माझ्या भेटीला आला नाहीस. मी अन्न मागितले, तू दिले नाहीस. मी पाणी मागितले, तू पाजले नाहीस. मनुष्य चकित होऊन विचारील की, तू तर साऱ्या विश्वाचा पालनकर्ता, तुझ्याबाबत हे कसे घडेल? तेव्हा त्याला सांगितले जाईल की, माझा अमुक दास आजारी होता, अमुक भुकेला होता, अमुक तहानेला होता. त्याच्याकडे गेला असतास तर मला तेथे पावला असतास. त्या दिवशी कोणत्याही राष्ट्राला त्याच्या उत्पादनाचा आकडा विचारला जाणार नाही. त्या अमुक दासाचे नाव आणि त्याच्या घराचा पत्ता आज आपल्याला ठाऊक आहे काय, एवढेच आपण पाहावे.

हे अल्लाह, आमच्या देशातील प्रत्येक घराला अन्न दे आणि अभय दे. जे मागत नाहीत त्यांना ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमच्या हातून जे दिले जाईल ते तुझ्यासाठीच असू दे, आणि आमचे माप उणे पडू देऊ नकोस. आमीन.